एकाच साठ्यातील तेल एकसारखे का नसते? – मुंबई हायच्या निमित्ताने एक विचार

प्रस्तावना

इंदूर शहरातील भंवरकुआं हा भाग स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहे. येथील कोणत्याही विद्यार्थ्याला ‘मुंबई हाय कोठे आहे?’ असे विचारले, तर उत्तर चटकन मिळते : अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भारतातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र. उत्तर बरोबर आहे आणि त्याला गुणही मिळतात. परंतु पुढचा प्रश्न विचारला, की ‘तेथे जमिनीखाली तेल कसे असते?’, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. जमिनीच्या पोटात एक मोठी गुहा आहे, तिच्यात तेलाचे तळे साठले आहे आणि आपण वरून नळी सोडून ते उपसतो. भंवरकुआं या नावातच विहीर आहे. विहिरीत बादली कोणत्याही बाजूने सोडली तरी पाणी तेच येते. तसेच तेलाचेही असेल, असे विद्यार्थी गृहीत धरतो. खरे सांगायचे तर अनेकदा आपण अध्यापकही तसेच गृहीत धरतो.

हे गृहीतक चुकीचे आहे. एकाच तेलसाठ्यात वरच्या भागातील तेल व तळाचे तेल, पूर्वेकडील तेल व पश्चिमेकडील तेल, यांची घनता, दाटपणा, त्यात विरघळलेल्या वायूचे प्रमाण आणि मेणाचे प्रमाण निराळे असू शकते. हा फरक केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय नाही. तो न ओळखल्यास विहिरी चुकीच्या जागी खोदल्या जातात, पाणी चुकीच्या थरात सोडले जाते आणि काढता येण्याजोगे तेल कायमचे खडकात अडकून राहते. जगातील तेलक्षेत्रांतून सरासरीने मूळ तेलाचा साधारण एक तृतीयांश भागच बाहेर काढता येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाचे महत्त्व पटावे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी फार मोठा भाग आयात करावा लागतो. अशा वेळी हाती असलेल्या साठ्याचे अचूक ज्ञान ही चैन ठरत नाही.

प्रस्तुत लेखात हा फरक कसा निर्माण होतो, तो कसा ओळखतात आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल शिकविणाऱ्या अध्यापकांना तो वर्गात कसा मांडता येईल, याचा विचार केला आहे.

तेलाचे तळे नसते

प्रथम ते गुहेचे चित्र पुसले पाहिजे. तेल खडकाच्या अतिसूक्ष्म छिद्रांमध्ये असते. वाळूच्या भांड्यात पाणी ओतले तर ते कणांमधील पोकळीत शिरून बसते. त्याच प्रकारे वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या छिद्रांत तेल बसलेले असते. उत्तम तेलवाहक खडकात अशा छिद्रांचे प्रमाण एकूण आकारमानाच्या वीस ते तीस टक्के असते. पुष्कळ ठिकाणी ते याहून बरेच कमी असते. छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील तरच तेल वाहते. वरून शेलसारखा अभेद्य थर झाकणाप्रमाणे असावा लागतो, नाहीतर तेल वर निसटून जाते. साठ्यात सामान्यतः वर वायू, त्याखाली तेल आणि तळाशी खारे पाणी असा क्रम आढळतो.

माळव्यातील वाचकांना यासाठी विहिरीपेक्षा बोअरवेलचे उदाहरण अधिक जवळचे आहे. इंदूर शहर दख्खन ट्रॅपच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. येथे पाणी खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत असते. त्यामुळे एका घराच्या बोअरला भरपूर पाणी लागते, तर शेजारच्या घराचा बोअर कोरडा जातो. एकाचे पाणी गोडे तर दुसऱ्याचे जड असते. एका बोअरच्या पाण्याची तपासणी करून संपूर्ण वसाहतीच्या पाण्याविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे असते, हे येथील प्रत्येक गृहस्थ अनुभवाने जाणतो. तेलसाठ्याचे शास्त्र हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे सांगते.

कोणते गुण मोजतात?

कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. ते हजारो हायड्रोकार्बन संयुगांचे मिश्रण आहे. मिथेनसारख्या हलक्या रेणूंपासून मेणाच्या लांब साखळ्यांपर्यंत आणि पुढे अस्फाल्टीन या काळ्या, जड रेणूंपर्यंत त्याची व्याप्ती असते. त्याचे चार गुण प्रामुख्याने पाहिले जातात.

(१) घनता : तेल उद्योगात ती एपीआय अंशांत सांगतात. १४१.५ या संख्येला तेलाच्या विशिष्ट गुरुत्वाने भागून १३१.५ वजा केले की एपीआय अंश मिळतात. पाण्याचे एपीआय त्यामुळे १० येते. तेल जितके हलके तितका हा आकडा मोठा. मुंबई हायचे तेल सुमारे ३९ अंशांचे, म्हणजे ०.८३ विशिष्ट गुरुत्वाचे असून ते हलके व कमी गंधकाचे म्हणून ओळखले जाते. याउलट उत्तर गुजरातमधील मेहसाणाजवळच्या बलोल क्षेत्रातील तेल सुमारे १६ अंशांचे, काकवीप्रमाणे दाट आहे.

(२) श्यानता, म्हणजे बोलीभाषेत दाटपणा : ती सेंटिपॉईजमध्ये मोजतात. खोलीच्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉईज असते. तेलाची श्यानता दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाखाली ते निम्म्या वेगाने वाहते. म्हणून उत्पादनाच्या दृष्टीने हा गुण निर्णायक ठरतो.

(३) विरघळलेला वायू : सोड्याच्या बाटलीत दाबाखाली वायू विरघळलेला असतो आणि झाकण उघडताच फसफसून बाहेर येतो. साठ्यातील तेलातही असाच वायू विरघळलेला असतो. दाब कमी करीत गेल्यास ज्या दाबाला पहिला बुडबुडा निघतो, त्याला बुडबुडा-बिंदू म्हणता येईल.

(४) मेण व अस्फाल्टीन यांचे प्रमाण : मेणयुक्त तेल थंड झाले की घट्ट होते. मुंबई हायचे तेल हलके असूनही मेणयुक्त आहे व सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वाहायचे थांबते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठलेले सर्वांनी पाहिले आहे. त्यावरून याची कल्पना येईल.

हे चारही गुण एकाच साठ्यात बदलू शकतात. आता त्याची कारणे पाहू.

उभा फरक : गुरुत्वाकर्षणाचे काम

पहिले कारण सर्वांत साधे आहे. पृथ्वी जड रेणूंना हलक्या रेणूंपेक्षा अधिक खाली ओढते. मात्र रेणूंची उष्णतेमुळे होणारी सततची हालचाल त्यांना पुन्हा मिसळत राहते. या दोन प्रवृत्तींच्या तोलातून उंचीनुसार रचना बदलत जाते. हवेतही हेच घडते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने सहा ते सात टक्क्यांनी कमी असतो.

तेलाच्या बाबतीत या विचाराची गणिती मांडणी मॉरिस मस्कॅट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली केली. पुढे सेज व लेसी यांनी त्या दशकाच्या अखेरीस हायड्रोकार्बनांच्या स्तंभासाठी ती तपासली. १९८० मध्ये शुल्टे यांनी अवस्था-समीकरणांच्या साहाय्याने दाखवून दिले, की प्रत्यक्ष तेलसाठ्यातही गुरुत्वामुळे होणारा रचनेतील बदल दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. साठ्यात वरच्या भागात मिथेनचे प्रमाण अधिक व तळाकडे जड घटकांचे प्रमाण अधिक राहते. परिणामी वायूच्या सीमेलगतचे तेल वायूने संपृक्त असते. जसजसे खाली जावे तसतसा विरघळलेला वायू व बुडबुडा-बिंदू कमी होतो आणि घनता व श्यानता वाढते.

अस्फाल्टीनचे गणित यादृष्टीने उद्बोधक आहे आणि ते पदवीच्या वर्गात फळ्यावर करता येते. अस्फाल्टीनचे रेणू तेलात सुटे न राहता गटाने राहतात. २०१० च्या सुमारास ऑलिव्हर मुलिन्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार त्यांचे लहान पुंजके सुमारे २ नॅनोमीटर व मोठे पुंजके सुमारे ५ नॅनोमीटर व्यासाचे असतात. साठ्याचे तापमान ७७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३५० केल्विन धरू. पुंजक्याची घनता भोवतालच्या तेलापेक्षा दर घनमीटरला ४०० किलोग्रॅमने अधिक आहे असे मानू. बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराला पुंजक्याच्या तेलातील परिणामी वजनाने भागले, की एक उंची मिळते. तेवढे वर गेल्यावर पुंजक्यांचे प्रमाण सुमारे २.७ पटीने घटते. २ नॅनोमीटरच्या पुंजक्यासाठी ही उंची सुमारे ३०० मीटर येते. ५ नॅनोमीटरच्या पुंजक्यासाठी ती केवळ १९ मीटर येते.

याचा अर्थ असा, की शंभर मीटर जाडीच्या साठ्यात लहान पुंजके असतील तर तळाच्या मानाने माथ्यावर त्यांचे प्रमाण सुमारे ७१ टक्के उरेल; मोठे पुंजके असतील तर अर्धा टक्काच उरेल. पहिल्या साठ्यात तेलाचा रंगही फारसा बदलणार नाही. दुसऱ्यात माथ्याचे तेल तपकिरी व पातळ आणि तळाचे काळे व दाट असेल. व्यास अडीच पट झाल्याने आकारमान सुमारे साडेपंधरा पट होते आणि सगळा फरक त्यातून येतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

उभ्या फरकात तापमानाचाही वाटा असतो. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. उष्ण व थंड भागांत वेगवेगळे घटक वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. हा परिणाम काही ठिकाणी गुरुत्वाला साहाय्य करतो, तर काही ठिकाणी विरोध करतो. म्हणून केवळ सूत्रावर विसंबून चालत नाही. प्रत्यक्ष मोजणी करावी लागते.

आडवा फरक : साठा कसा भरला याचा इतिहास

गुरुत्वामुळे उभा फरक पडतो. मग एकाच खोलीवर पूर्वेचे व पश्चिमेचे तेल निराळे का असावे? याचे उत्तर साठ्याच्या इतिहासात आहे. तेल जेथे सापडते तेथे ते तयार झालेले नसते. ते खोलवरच्या सेंद्रिय द्रव्ययुक्त शेलमध्ये उष्णतेमुळे तयार होते आणि हळूहळू सरकत वरच्या सापळ्यात येऊन साठते. मुंबई हायचे तेल मुख्यतः भोवतालच्या खोल भागांतील पन्ना शैलसमूहात तयार झाले, असे मानले जाते. साठा एका दिवसात भरत नाही. लक्षावधी वर्षे तेल येत राहते. आधी येणारे तेल कमी पक्व व जड असते, नंतरचे अधिक पक्व व हलके असते. ज्या बाजूने तेल शिरले त्या बाजूला नवे तेल आणि दूरच्या टोकाला जुने तेल, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होऊ शकते.

येथे एक रास्त शंका येईल : इतक्या काळात ते मिसळून एक कसे होत नाही? विसरणाचे साधे गणित पुन्हा उपयोगी पडते. स्थिर द्रवात विसरणाने मिसळण्यास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सच्छिद्र खडकातील तेलासाठी विसरणांक दर सेकंदाला एका चौरस मीटरचा दहा अब्जावा भाग मानला, तर १०० मीटर अंतरासाठी सुमारे ३२ लाख वर्षे लागतात. भूशास्त्राच्या दृष्टीने हा काळ फार नाही. पण १० किलोमीटर अंतर म्हणजे शंभर पट अंतर, आणि म्हणून दहा हजार पट काळ, म्हणजे सुमारे ३,२०० कोटी वर्षे. पृथ्वीचे वयच सुमारे ४६० कोटी वर्षे आहे! घनतेतील फरकामुळे होणारे वहन प्रत्यक्षात मिसळण्याची गती वाढवते. तरीही मोठ्या साठ्यात उभा तोल साधला जातो आणि आडवा तोल साधायचा राहतो, ही गोष्ट या हिशेबावरून स्पष्ट होते. मुंबई हाय क्षेत्र सुमारे ७५ किलोमीटर लांब व २५ किलोमीटर रुंद आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

तळाचे पाणी आणि जीवाणू : मंगलाचे उदाहरण

तिसरे कारण जैविक आहे. जेथे तेल व पाणी यांची सीमा असते तेथे, तापमान फार नसेल तर, सूक्ष्म जीवाणू वाढतात. ते तेलातील सोपे, हलके घटक खाऊन टाकतात आणि जड घटक मागे ठेवतात. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर हे जीवाणू सहसा टिकत नाहीत. त्यामुळे उथळ व कमी उष्ण साठ्यांत पाण्याच्या सीमेलगत जड तेलाची पट्टी आढळते. काही ठिकाणी तर, उदाहरणार्थ सौदी अरेबियातील घवार या जगप्रसिद्ध क्षेत्राच्या काही भागांत, तेल व पाणी यांच्यामध्ये डांबरासारखा जवळजवळ न वाहणारा थर सापडला आहे. असा थर खालच्या पाण्याला तेलाला वर ढकलू देत नाही. साठा मोठा असूनही त्याचा नैसर्गिक दाब उपयोगी पडत नाही.

आपल्या देशात राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातील मंगला हे क्षेत्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ते जानेवारी २००४ मध्ये सापडले व ऑगस्ट २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. फतेहगढ शैलसमूहातील वालुकाश्मात हे तेल आहे. साठ्याचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअस, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या खाली आहे. येथे माथ्याकडील तेल तुलनेने हलके आणि पाण्याच्या सीमेकडे जावे तसे ते जड व दाट होत जाते; साठ्यातील श्यानता साधारण १० ते २० सेंटिपॉईज या मर्यादेत आढळते. शिवाय तेल अत्यंत मेणयुक्त आहे. साठ्याच्या तापमानापेक्षा थोडे जरी थंड झाले तरी मेण सुटू लागते.

या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग झाला? दाब टिकविण्यासाठी साठ्यात थंड पाणी सोडले असते तर मेण खडकाच्या छिद्रांतच बसले असते. म्हणून गरम पाणी सोडण्याची योजना करण्यात आली. तेल गुजरातच्या किनाऱ्याकडे नेण्यासाठी शेकडो किलोमीटर लांबीची तापविलेली वाहिनी बांधावी लागली. दाट तेलाला पातळ पाणी ढकलू लागले की ते तेलाला बाजूला ठेवून वाट काढून पुढे निघून जाते. म्हणून नंतरच्या काळात पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करण्यात आले. तेलाचा स्वभाव आधी ओळखला म्हणून ही पावले उचलता आली.

मुंबई हाय : थर, पडदे आणि बदलता साठा

आता पुन्हा मुंबई हायकडे वळू. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने खंबातच्या आखातात व मुंबईजवळच्या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण झाले. ‘सागर सम्राट’ या खोदनौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे तेलाचा शोध लावला आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल व वायू समुद्राखालील वाहिन्यांतून रायगड जिल्ह्यातील उरणला आणले जातात.

येथील मुख्य तेलवाहक खडक मायोसीन काळातील चुनखडक असून तो एल-३ या नावाने ओळखला जातो. नकाशावर एल-३ ही एकच पट्टी दिसते. प्रत्यक्षात ती अनेक पातळ चुनखडकांची चळत आहे आणि त्यांच्यामध्ये शेलचे पातळ पडदे आहेत. घरातील वह्यांच्या गठ्ठ्यात प्रत्येक वहीनंतर प्लॅस्टिकचा कागद घालावा, तसा हा प्रकार आहे. चुनखडकाची छिद्रेही सर्वत्र सारखी नाहीत. काही थरांत पाण्याने चुना विरघळून मोठ्या पोकळ्या झाल्या आहेत, तर काही थर घट्ट आहेत. शिवाय शेलने भरलेल्या एका प्राचीन नालीमुळे क्षेत्राचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आहेत आणि त्यांचा विकासही स्वतंत्रपणे करण्यात आला. तेलावर वायूची टोपी आहे.

अशा साठ्यात ‘मुंबई हायचे तेल ३९ अंशांचे’ हे विधान उरणच्या टाकीतील मिश्रणाचे वर्णन ठरते. तेलशुद्धीकरण कारखान्याला तेवढे पुरते. परंतु कोणत्या थरात अजून तेल शिल्लक आहे, कोणत्या थरात वायू घुसला आहे, कोणत्या थरातून पाणी येते, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

त्यातच साठा उपसताना स्वतः बदलतो. दाब बुडबुडा-बिंदूखाली गेला की विरघळलेला वायू सुटा होतो. तो तेलापेक्षा कितीतरी पातळ असल्याने विहिरीकडे आधी धावतो, आणि मागे उरलेले तेल वायू गमावल्याने अधिक जड व दाट होते. म्हणजे जे तेल मागे राहते, ते काढणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. १९८० च्या दशकात मुंबई हायचे उत्पादन दिवसाला चार लाख पिंपांच्या वर गेले होते. पुढे ते घटत गेले. दाब टिकविण्यासाठी त्याच दशकात समुद्राचे पाणी साठ्यात सोडण्यास आरंभ झाला. २००० नंतर उत्तर व दक्षिण भागांसाठी पुनर्विकास योजना हाती घेण्यात आल्या. त्यांत आडव्या विहिरींवर भर होता. २०२५ मध्ये या जुन्या क्षेत्राचे उत्पादन वाढविण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा घेण्याचा निर्णय झाला. शोध लागून पन्नास वर्षे झाल्यावरही साठ्याची ओळख पूर्ण झालेली नसते, असा याचा अर्थ घेता येईल.

नमुना : सर्वांत नाजूक पायरी

साठ्यातील फरक ओळखण्यासाठी नमुने घ्यावे लागतात आणि चूक होण्याची शक्यता येथेच अधिक असते. तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, विहीर जोरात वाहू दिली तर तिच्या तळाशी दाब बुडबुडा-बिंदूखाली जातो आणि नमुन्यात वायू कमी किंवा जास्त येतो. नमुना साठ्याचा न राहता आपल्या घाईचा होतो. म्हणून विहीर मंद गतीने चालवून, दाबबंद नळकांड्यात तळाचा नमुना घेतात.

दोन, अनेक थर एकत्र वाहत असतील तर येणारे तेल त्या सर्वांची सरासरी असते. ही सरासरी साठ्यात कोठेच अस्तित्वात नसते. वर्गाचे सरासरी गुण ५० असले, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला ५० मिळाले असे होत नाही. अध्यापकांना हे सांगण्याची गरज नाही. आता विहिरीत उपकरण उतरवून एकेका थरातून स्वतंत्र नमुना घेता येतो, तसेच प्रकाशाच्या शोषणावरून तेलाचा रंग व वायूचे प्रमाण जागेवरच मोजता येते.

तीन, दाब आणि रचना यांचा अर्थ वेगवेगळा लावावा लागतो. दोन थरांमध्ये बारीकशी वाट असली तरी भूशास्त्रीय काळात दाब समान होतो, कारण त्यासाठी द्रव्याची फार थोडी हालचाल पुरते. रचना समान होण्यासाठी मात्र प्रत्यक्ष तेल इकडून तिकडे जावे लागते. त्यामुळे दाब जुळला, एवढ्यावरून दोन थर जोडलेले आहेत असा निष्कर्ष काढल्यास फसगत होते. जड तेल वर व हलके तेल खाली असे आढळले, तर मध्ये पडदा असण्याची शक्यता प्रथम तपासावी. वायू-वर्णलेखनाने प्रत्येक तेलाचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो. दोन विहिरींचे ठसे ताडून त्या एकाच कप्प्यातील आहेत की नाहीत, याचा अंदाज बांधता येतो.

वर्गात काय करता येईल?

या विषयासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. दोन उंच काचेची भांडी घ्यावीत. एकात नुसते पाणी, दुसऱ्यात वाळू व पाणी भरावे. दोन्हींत एका बाजूने शाईचे थेंब हलकेच सोडावेत आणि शाई किती पसरली याची नोंद विद्यार्थ्यांनी तासाने, दिवसाने व आठवड्याने करावी. नुसत्या पाण्यातील प्रवाह शाई लवकर पसरवितात. वाळूत ती रेंगाळते. सोड्याची बाटली उघडून बुडबुडा-बिंदू आणि थंडीतील खोबरेल तेलावरून मेणाचा परिणाम दाखविता येतो. वर दिलेली दोन उदाहरणे, अस्फाल्टीनची उंची व विसरणाचा काळ, ही पदवीच्या विद्यार्थ्यांना गृहपाठ म्हणून द्यावीत. पुंजक्याचा व्यास किंवा अंतर बदलून उत्तर कसे बदलते हे त्यांनी स्वतः पाहावे. भूगोलाच्या वर्गात विद्यार्थ्यांना आपापल्या वसाहतीतील बोअरवेलची खोली व पाण्याची चव यांची नोंद करून नकाशा तयार करण्यास सांगता येईल. शेजारशेजारच्या दोन बोअरमधील फरक ज्याने स्वतः नोंदविला, त्याला तेलसाठ्यातील फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

समारोप

एकाच साठ्यातील तेलात फरक पडतो तो गुरुत्वामुळे, तापमानामुळे, साठा भरण्याच्या क्रमामुळे, जीवाणूंमुळे, खडकातील पडद्यांमुळे आणि शेवटी आपल्याच उपशामुळे. हा फरक म्हणजे मोजणीतील दोष समजून त्याची सरासरी काढून टाकली, तर साठ्याचा इतिहासही त्याबरोबर पुसला जातो. तो जपून वाचला, तर साठा कसा भरला, त्याचे कप्पे कोठे आहेत आणि पुढची विहीर कोठे घ्यावी, हे तो सांगतो.

भंवरकुआंच्या शिकवणी वर्गांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही पुढे अभियंते होतील, काही प्रशासनात जातील, काही आपल्यासारखेच अध्यापक होतील. ‘मुंबई हाय कोठे आहे?’ या प्रश्नाचे एका ओळीचे उत्तर त्यांना परीक्षेपुरते पुरेल. त्या ओळीच्या खाली दडलेले थर त्यांना दाखविण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.